न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साऊथ? नानांना फळ्यावर उत्तर द्यायचंय

गिरणाकाठची – रविवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत करा. विषय क्षुल्लक आहे, पण घरात दोन दिवस अबोला चाललाय.

माझे वडील, म्हणजे नाना, एरंडोलला असतात. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. सकाळी पूजा, मग चहा, मग व्हॉट्सअ‍ॅप. परवा त्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: "रोजच्या इंग्रजी शब्दांचे खरे अर्थ, ९९ टक्के लोकांना माहीत नाहीत!" तुम्हालाही आला असेल. न्यूज = नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ. चेस = चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. डेट = डे अँड टाइम इव्होल्यूशन. ईट = एनर्जी अँड टेस्ट. टी = टेस्ट अँड एनर्जी अ‍ॅडमिटेड. पेन = पॉवर एन्रिच्ड इन निब. स्माइल = स्वीट मेमरीज इन लिप्स एक्स्प्रेशन. बाय = बी विथ यू एव्हरीटाइम.

माझी मुलगी सातवीत आहे. तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, "नाना, हे खोटंय." झालं! नानांचा मला फोन. "खोटं आहे तर खरं काय ते सांग म्हणा तिला. नुसती फुली मारून चालत नाही, बरोबर उत्तर फळ्यावर लिहावं लागतं." आणि आम्हा दोघी मायलेकींची बोलती बंद. खोटं आहे एवढं वासावरून कळतं, पण खरं काय ते कुठे माहितीये?

तर जाणकारांनी फळा भरून द्यावा.


शेवभाजी_तिखट – रविवार, रात्री १०:३१

टेस्ट अँड एनर्जी "अ‍ॅडमिटेड" वाचून ठसका लागला. चहा कधी अ‍ॅडमिट झाला? सिव्हिलला का खाजगीत?


निवृत्त_फळा – रविवार, रात्री ११:०५

ताई, मी धुळ्याचा, इंग्रजीचाच मास्तर होतो, त्यामुळे नानांच्या बाजूनं थोडं बोलायचा हक्क मला आहे. फुली मारली तर उत्तर लिही म्हणणारा माणूस मला आवडतो.

न्यूजपासून सुरू करू. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज. नव्या गोष्टी. बस, एवढंच. फ्रेंच लोक बातमीला 'नूव्हेल' म्हणतात, तेही 'नवं'चंच अनेकवचन. इंग्रजांनी त्याच वळणावर आपलं केलं. जुन्या इंग्रजी कागदांत हा शब्द मधे आणखी एक ई घालून लिहिलेला सापडतो. म्हणजे ई दोन. मग पूर्व दिशा दोन होत्या का, असं नानांना हळूच विचारा. आणि आपला तो पारावरचा म्हातारा गावी गेल्यावर काय विचारतो? "काय नवंजुनं?" तो न्यूजच विचारत असतो. इंग्रजी न्यू आणि संस्कृत नव हे एकाच मुळाचे आहेत, तेव्हा नानांना वाईट वाटायचं कारण नाही.

आता एक खूणगाठ बांधा. आद्याक्षरं जोडून उच्चारता येईल असा शब्द बनवायची खोड मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यातही लष्कराची आणि सरकारी खात्यांची. रडार हा खरोखरचा तसा शब्द, दुसऱ्या महायुद्धातला. लेझरही तसाच. त्याआधी हा प्रकार जवळजवळ नव्हताच. त्यामुळे शेकडो वर्षं जुन्या, दोन-चार अक्षरांच्या घरगुती शब्दाचा कोणी फुलफॉर्म सांगू लागला की खिसा सांभाळायचा. गोल्फ म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' असंही फिरतं. अहो, स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसायची. तेव्हा कसला फुलफॉर्म!

बाकी शब्द उद्या. डोळे मिटायला लागलेत.


भुसावळ_यार्ड – सोमवार, पहाटे ५:४०

नाईट ड्युटी संपवून वाचतोय. मास्तर, आमच्या खात्यातले दोन-तीन मी घेतो, वीस वर्षं तेच उच्चारतोय.

स्टेशन. लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं, त्यावरून थांबायची जागा ती स्टेशन. आपलं स्थानक 'स्था' वरून, अर्थ तोच. लोक म्हणतात स्थानक हे स्टेशनचं भाषांतर आहे. भाषांतर कसलं, चुलतभाऊ आहेत ते. ट्रेन म्हणजे ओढत नेणं, फ्रेंचकडून आलं. म्हणून चर्चमध्ये नवरीच्या मागं फरफटत येणाऱ्या झग्यालाही ट्रेन म्हणतात. हे कळल्यापासून मालगाडी बघितली की मला नवरीच दिसते. गार्ड आणि वॉर्ड हे दोन्ही मुळात एकच. इंग्रजीत आधीपासून व ने होता तो वॉर्ड, फ्रेंचांकडून ग ने फिरून आला तो गार्ड.

आमचा एक जोडीदार छातीठोक सांगायचा की लोको म्हणजे लोक, लोकांना नेतो तो लोको. नाही. लॅटिन 'लोकस' म्हणजे जागा, जागा बदलणारं ते लोकोमोटिव्ह. आपल्या 'लोक' शब्दाशी त्याचं काही नातं नाही. ऐकायला सारखं म्हणजे मूळ सारखं, असं नसतं.


घोडेबाजार – सोमवार, सकाळी ९:१५

नमस्कार, शहाद्याहून. डेटचं मी सांगतो, कारण ते आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेशी जोडलेलं आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

रोमन लोक पत्राच्या शेवटी लिहायचे, 'दाता' अमुक ठिकाणी, तमुक दिवशी. दाता म्हणजे दिलं, जासुदाच्या हाती दिलं. त्या एका शब्दावरून पुढे सगळी तारीखच डेट झाली. आज मोबाईलमध्ये जो डेटा संपतो तोही तोच. दिलेल्या गोष्टी. आणि हे 'दा' आपल्या 'दा' धातूचंच भावंड. दान, दाता, आणि दत्त. दत्त म्हणजे दिलेला. अत्रीला दिला म्हणून दत्त. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा कोणी म्हणालं की "दत्ताच्या यात्रेची डेट काय?" तर त्यानं एकच शब्द दोनदा म्हटला असं समजा.

खायचा डेट, म्हणजे खजूर, तो मात्र वेगळा. ग्रीकमध्ये 'दाक्तिलोस' म्हणजे बोट. खजूर बोटासारखा दिसतो म्हणून.


शेवभाजी_तिखट – सोमवार, सकाळी ९:२२

आणि पोरं "डेटवर" जातात ती कुठली?


घोडेबाजार – सोमवार, सकाळी ९:३०

ती तारखेचीच. ठरलेली तारीख, म्हणून ठरलेली भेट. कोर्टाच्या तारखेसारखी. पुढची पुढची पडत जाते.


जिनवाला – सोमवार, दुपारी १:५०

माझा शब्द कोणी विचारला नाही तरी सांगणार. मी धरणगावचा. तीन पिढ्या कापसात. लहानपणापासून "जिनात जा", "जिनावर गाडी लागलीय", "यंदा जिन उशिरा सुरू होणार" हेच ऐकत आलो. मला बरीच वर्षं वाटायचं की हा अहिराणी शब्द आहे! कॉलेजात गेल्यावर बाटलीतली जिन कळली तेव्हा घरच्या धंद्याची लाज वाटली होती दोन दिवस.

तर, जिनिंगचं जिन म्हणजे इंजिनचं शेपूट. जुन्या इंग्रजीत इंजिनचं तोंड गळून नुसतं जिन उरलं, अर्थ युक्ती, युक्तीचं यंत्र. एली व्हिटनीनं अमेरिकेत सरकी आणि रुई वेगळी करायचं यंत्र काढलं, १७९४ साली त्याचं पेटंट झालं, ते कॉटन जिन. आपल्याकडे लाकडी चरखीवर बायका हे काम कितीतरी आधीपासून करत होत्या, पण नाव तिकडचं राहिलं. बाटलीतली जिन डच लोकांची, जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून. दोघींचा संबंध नाही. जीन्स पँट इटलीतल्या जिनोआ शहरावरून. आणि घोडेबाजारवाल्या भाऊंचं घोड्यावरचं जीन, म्हणजे खोगीर, ते फारसी. चार जिन, चार गावची.

दुसरं खास आपलं. रुईचा घाऊक भाव कँडीवर निघतो, एक कँडी म्हणजे ३५६ किलो. नवीन मुनीम चॉकलेट समजतो. ही कँडी म्हणजे आपली खंडी. वीस मणांची खंडी. साहेब लोकांनी उच्चार बिघडवला, आणि तोच बिघडलेला शब्द आज आम्ही फोनवर एकमेकांना इंग्रजी म्हणून ऐकवतो. चघळायची कँडी वेगळी, ती खांडेवरून. संस्कृत खंड, फारसी-अरबी कंद, मग फ्रेंच, मग इंग्रज.


निवृत्त_फळा – सोमवार, दुपारी ३:१०

जिनवाला, वा! यात अजून एक पाचवा जिन घाला. बीटी कपाशीतला जीन. २००२ साली बीटीला आपल्याकडे परवानगी मिळाली आणि शेतकरीसुद्धा "बियाण्यात जीन टाकलाय" म्हणू लागले. हा शब्द योहानसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये केला, ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश, जन्म यावरून. आपल्या जन, जन्म, जाती यांचं तेच मूळ.

आता मजा बघा. इंजिन हा लॅटिन 'इंगेनियुम'चा, म्हणजे जन्मजात बुद्धी. आत जन्मलेली. त्यातही तेच 'जन'. म्हणजे ज्या कपाशीत जीन घातला ती कपाशी शेवटी ज्या जिनात जाते, ते दोन्ही शब्द 'जन्म' या शब्दाचे भाऊबंद. धरणगावात एकाच आवारात दोघे भेटतात आणि ओळख देत नाहीत. भाऊबंदकीच ती.


रावेरची_केळी – सोमवार, सायं. ६:००

केळ्याचं कोणीच काढलं नाही म्हणून खास खातं उघडून लिहितेय. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बनाना हा शब्द आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. तिथून पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी उचलला. फळ आशियातलं, नाव आफ्रिकेतलं, आणि शास्त्रीय नाव 'मुसा' ते अरबी 'मौझ' वरून. केळीला स्वतःचं नाव कुठेच सापडेना बिचारीला! आपण केळी म्हणतो ते कदलीवरून, तेवढं घरचं.

मुंगूस मात्र आपलं बरं का. इंग्रजी मंगूस हा थेट मराठीतून गेलेला शब्द आहे. आमच्या मळ्यात रोज दिसतो, त्याला सांगितलं तर थांबून मागे वळून बघितलं त्यानं.


आर्यावर्त_१ – सोमवार, रात्री ८:४४

एवढी चर्चा कशाला? सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातूनच चोरलेत. डॉटर = दुहिता. डोअर = द्वार. नेव्हिगेशन = नवगती. आवर = होरा. पुरावा द्यायची गरजच नाही, ऐकूनच कळतं. पण आपल्याच लोकांना आपला अभिमान नाही.


तापीपल्याड – सोमवार, रात्री १०:२०

आर्यावर्त, तुमची यादी निम्मी बरोबर आहे, म्हणून जास्त धोकादायक आहे. नानांचा मेसेज उलट्या बाजूनं तेच करतोय.

डॉटर आणि दुहिता, डोअर आणि द्वार: नातं शंभर टक्के खरं. पण नातं म्हणजे चोरी नव्हे. माझं आणि माझ्या चुलतभावाचं नाक सारखं आहे, म्हणून त्यानं माझं नाक चोरलं असं होत नाही. नाक आजोबांचं. विल्यम जोन्स कलकत्त्यात १७८६ साली हेच म्हणाला होता की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं येण्यासारखं नाही, त्या एकाच उगमाच्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल.

नेव्हिगेशनमध्ये 'नेव्ही' म्हणजे नाव, नौका. आपल्या नौ शब्दाचं ते भावंड, इथवर ठीक. पण पुढचा तुकडा लॅटिन 'आगेरे', हाकणे, चालवणे. त्यात गती नाही. अज् धातू आपल्याकडे आहे त्याचा तो भाऊ. म्हणजे खरं नातं सापडलं असतं, पण नवगती करून तुम्ही ते झाकलं.

आणि होरा? इथे तर गंगा उलटी आहे. होरा हा ग्रीकांकडून संस्कृतात आलेला शब्द, ज्योतिषाबरोबर. आता सगळ्यात भारी भाग. वराहमिहिरानं सहाव्या शतकात नोंदवलंय की काही लोकांच्या मते अहोरात्र या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो. म्हणजे नानांचा तो मेसेज तेव्हाही फिरत होता! फक्त 'काही लोक म्हणतात' असं लिहायचा प्रामाणिकपणा वराहमिहिराकडे होता.

त्याच्याही आधी यास्क, वेदांतल्या शब्दांची मुळं सांगणारा. दुहिता शब्दाच्या त्यानं तीन व्युत्पत्ती दिल्यात: जिचं हित करणं अवघड ती, दूर दिलेली बरी ती, आणि दूध काढणारी ती. तीनपैकी दोन वाचून मुलींच्या बापांनी शांत राहावं.


गिरणाकाठची – सोमवार, रात्री १०:४१

तापीपल्याड, ती तिन्ही मी मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, आजीचा अहिराणी शब्द बरा, अंडेर, म्हणजे मुलगी. त्यात कोणी दूर पाठवत नाही.


सातपुडा_पायथा – मंगळवार, सकाळी ७:३०

चोपड्याहून. घाईत आहे, दोन शब्द टाकून जातो. कॉट: आपली खाट. ती विलायतेत जाऊन कॉट झाली आणि लोखंडी पाय लावून परत आली. आता घरात खाट ओसरीवर आणि कॉट आतल्या खोलीत, दोघी सवती.

जंगल: संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात जांगल आणि आनूप, म्हणजे पाणथळ, असे उलटे प्रदेश सांगितलेत. इंग्रजांच्या जंगलात मात्र वेली, चिखल, माकडं सगळं आलं. आमच्या उतारावरची उन्हाळ्यातली झाडी बघा, जुना अर्थ अजून उभा आहे तिथे.

टँक: गडावरचं पाण्याचं टाकं, लळिंगला गेलात तर बघाल. गुजराती-मराठी टाकं आणि पोर्तुगीज 'टांक' हे दोन्ही मिळून इंग्रजी टँक घडला असं कोशकार मानतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी रणगाडा गुपचूप बनवला, कोणाला सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं. १५ सप्टेंबर १९१६ ला ती टाकी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गोळ्या झाडत बाहेर आली. नाव तेच राहिलं.


शिकवणी_ताई – मंगळवार, सकाळी ११:००

मी पारोळ्याला मुलांच्या शिकवण्या घेते. रागावू नका, पण हे फुलफॉर्म मीही भिंतीवर लावलेत. मुलांना स्पेलिंग लक्षात राहतं. आमच्याकडे घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, मुलं घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि तिसरं हे. तुम्हाला पुण्यामुंबईत बसून हसायला काय जातं.


निवृत्त_फळा – मंगळवार, दुपारी १२:२५

ताई, हसलो त्याबद्दल माफ करा. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मीही वर्गात काय काय क्लृप्त्या केल्यात. इंद्रधनुष्याचं ता-ना-पि-हि-नि-पा-जा कोण विसरलंय? पण त्याला आपण कधी रंगांचा "खरा अर्थ" म्हटलं नाही. आठवणीची खुंटी म्हणून लावा, वर तसं लिहा, माझी तक्रार नाही.

फक्त एक करून बघा. खरं सांगितलं तरी मुलं लक्षात ठेवतात, आणि अहिराणी बोलणारी मुलं जास्तच, कारण त्यांच्या हाताशी शब्द आहेत. ईट: संस्कृत अद्, खाणे. त्याच अद् पासून अन्न. ईट आणि अन्न सख्खे. स्माइल: आपलं स्मित. पेन: लॅटिनमध्ये पीस, कारण पिसाचीच लेखणी असायची. आपल्या 'पत्र' शब्दातही आधी पंख, मग पान, मग चिठ्ठी असे अर्थ आहेत, दोन्हींचं मूळ उडणे. पेन्सिलचा मात्र पेनशी संबंध नाही! ती लॅटिनमधली छोटी शेपटी, म्हणजे कुंचला. पेनिसिलिनची बुरशी कुंचल्यासारखी दिसते, म्हणून तिचं नाव तेच.

बाय बघा. 'गॉड बी विथ यी', देव तुमच्याबरोबर असो, हे घाईत म्हणता म्हणता सोळाव्या शतकात आकसून गुडबाय झालं. म्हणजे नानांच्या मेसेजातला 'बी विथ यू' अर्धा बरोबर निघाला. आंधळ्यानं मारलेला दगड लागला म्हणायचा.

धुळेकर म्हणून एक सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे आमच्या गावी राहिले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला इथेच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. इतिहासाइतकाच त्यांनी शब्दांच्या मुळांचा ध्यास घेतला होता. त्यांच्याही काही व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासकांनी मानल्या नाहीत. तेव्हा नाना काय आणि मी काय.


भरीत_भाकरी – मंगळवार, दुपारी २:००

विषय निघालाच आहे तर, खान्देशचं मूळ काय? कान्हदेश का खानांचा देश?


तापीपल्याड – मंगळवार, दुपारी २:१८

फारुकी सुलतानांच्या खान या किताबावरून, हे मत जास्त मानलं जातं. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि मुलगा दानियालच्या नावानं मुलखाचं नाव दानदेश ठेवलं, ते टिकलं नाही. कान्हदेशवाले आता येतीलच. कृपया वेगळा धागा काढा, इथे वांगी भाजायला घेऊ नका.


जिनवाला – मंगळवार, दुपारी ४:३५

खरे फुलफॉर्म नसतातच असं नाही हां मास्तर. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचंच पुढे विप्रो झालं. हा अस्सल खान्देशी फुलफॉर्म, तोही सगळ्या जगात चालणारा.


निवृत्त_फळा – मंगळवार, सायं. ५:०२

बिनशर्त मान्य. आणि ओकेसुद्धा. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं १८३९ मध्ये 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याची ओ आणि के ही आद्याक्षरं छापली, गंमत म्हणून. तेव्हा तिकडे असल्या आद्याक्षरांची फॅशनच होती. बाकीच्या गमती मेल्या, ही एकटी जगली. चुकीच्या स्पेलिंगला मी आयुष्यभर लाल शाई लावली, आणि जगातला सगळ्यात चालणारा शब्द तोच निघाला.


भुसावळ_यार्ड – मंगळवार, रात्री ८:१५

सॅलरीचं राहिलं. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा असं सगळीकडे लिहितात.


तापीपल्याड – मंगळवार, रात्री ९:०७

सॅलरी लॅटिन 'सालारियुम' वरून, आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, एवढं खरं. पण शिपायाच्या पदरात मीठ मोजून टाकायचे याचा रोमन काळातला पुरावा नाही, ती नंतरच्यांनी रंगवलेली गोष्ट.

त्यापेक्षा आपला पगार बघा. हा पोर्तुगीज शब्द, पगार म्हणजे देणे, चुकते करणे. तो लॅटिन 'पाकारे'चा, शांत करणे. इंग्रजी पे हाही त्याचाच. घेणेकऱ्याला शांत करायचं म्हणजे पे. एक तारखेला पगार जमा झाला की घर शांत होतं, हे रोमनांना ठाऊक होतं.


गिरणाकाठची – बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. एक चेस राहिलं होतं, ते मुलीनं स्वतः शोधलं. शोधायला दोन संध्याकाळी लागल्या, पण तिनंच शोधायचं ठरवलं होतं.

तिनं नानांना फोनवर सांगितलं ते असं. रथ, घोडा, हत्ती, प्यादी हे चारही तुमच्या मेसेजमध्ये बरोबर आहेत, नाना, पण ते चेस या शब्दात नाहीत, आपल्या चतुरंगात आहेत. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं. त्यावरून अरबांचं शतरंज. चेस हा वेगळाच, तो फारसी शाह वरून आला, राजा. राजावर हल्ला झाला की फारसी माणूस ओरडायचा, शाह! आपण म्हणतो शह. फ्रेंचांकडून जाताना त्याचा चेक झाला, आणि त्याचं अनेकवचन चेस. शाह मात ते चेकमेट, म्हणून आपण मात करतो. मग शह म्हणजे अडवणं, अडवून बघणं म्हणजे चेक करणं. बँकेचा चेक त्यातलाच. आणि बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी म्हणून चेक्सचा शर्ट.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या अंगात आत्ता चेक्सचाच आहे."

काल त्यांनी जुनी रोजनिशी काढून सगळं टिपून घेतलं. आज सकाळी एका बोटानं टाइप करून ग्रुपवर टाकलं: न्यूज म्हणजे नवंजुनं, डेट म्हणजे दत्त, ईट म्हणजे अन्न, असं अकरा ओळींचं. दहा मिनिटांत सहा जणांचे हात जोडलेले आले, "खूप छान माहिती नाना." आणि त्याच्याच खाली नाशिकच्या मावशीनं टाकलं, "रोजच्या इंग्रजी शब्दांचे खरे अर्थ, ९९ टक्के लोकांना माहीत नाहीत!"

नानांनी तिला फोन लावलाय. चाळीस मिनिटं झाली, अजून चालू आहे.


शेवभाजी_तिखट – बुधवार, रात्री १०:०५

नानासले सांगा, ती अकरा ओळ माले बी धाडा. पन टी नं काय व्हयनं? अ‍ॅडमिट का डिस्चार्ज?


भुसावळ_यार्ड – बुधवार, रात्री १०:३०

डिस्चार्ज. चीनच्या फुजियान किनाऱ्यावर 'ते' म्हणायचे, तो डचांच्या जहाजातून युरोपात गेला, म्हणून टी. जमिनीच्या वाटेनं निघाला तो 'चा', म्हणून आपला चहा. बारापर्यंत ड्युटीवर आहे, कोणी भुसावळवरून जात असाल तर उतरा, पाजतो.